आधी आजाराचा कागद

कामावर पिऊन आलेला माणूस तुझ्यासमोर पहिल्यांदा उभा करतील, तेव्हा त्याच्याबरोबर आणखी तिघं येतील आणि तिघंही एकदम बोलतील. गेटवरचा वॉचमन म्हणेल, मॅडम, वास मारतोय. सुपरवायझर म्हणेल, याचं रोजचंच आहे, आज सापडला इतकंच. युनियनवाला म्हणेल, लेकुरवाळा आहे, या वेळी सोडा. आणि तेवढ्यात वरच्या मजल्यावरून फोन येईल, राजीनामा लिहून घ्या आणि विषय मिटवा. डोंबिवली एमआयडीसीतली ही तुझी पहिली नोकरी. माझी अख्खी नोकरी वागळे इस्टेटमध्ये कामगार कल्याण अधिकारी म्हणून गेली, म्हणून मावशीच्या अधिकाराने सांगते: यातल्या कोणाचंही तिथल्या तिथे ऐकू नकोस. आधी त्या माणसाला खुर्ची दे, पाणी दे आणि फर्स्ट-एडच्या खोलीत नेऊन त्याची साखर तपासून घे.

साखर का, तर साखर एकदम उतरलेला मधुमेही हुबेहूब प्यायलेल्यासारखा दिसतो. झोकांड्या जातात, जीभ जड होते, चिडतो, विचारावं एक तर सांगतो दुसरंच. साखर फार वाढून रक्तात केटोन साठले तर तोंडाला गोडसर, नासक्या फळासारखा वास येतो आणि नवखा माणूस त्यालाच दारू समजतो. डोक्याला मार लागलेला किंवा नुकतीच फिट येऊन गेलेला माणूसही असाच दिसतो. आणि ज्याने खरंच घेतली आहे त्याचीही साखर उतरू शकते, विशेषतः रिकाम्या पोटी घेतली असेल तर. ग्लुकोमीटर फर्स्ट-एडच्या कपाटात नसेल तर उद्याच मागवून घे.

मग कागद. वेळ लिही, ठिकाण लिही, डोळ्यांना दिसलं ते लिही. ‘नशेत होता’ असं लिहू नकोस. ‘सकाळी सात दहाला पंचिंग मशीनजवळ उभं राहताना दोनदा भिंतीचा आधार घेतला, बोलताना शब्द अडखळत होते, तोंडाला उग्र वास होता’ असं लिही. दोन साक्षीदारांच्या सह्या घे, त्यातला एक त्याच्या खात्याबाहेरचा असू दे. ब्रेथ अॅनालायझर असेल तर त्याच्या संमतीने फुंकायला सांग, नाही म्हणाला तर नाही म्हणाला अशी नोंद कर. आणि डॉक्टरांकडे ने, म्हणजे रक्ताच्या तपासणीचा पर्याय तरी उघडा राहील. हे सगळं कशाला, तर बच्चूभाई हसनअली कर्याणी विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा १९७१ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तुला कधी ना कधी ऐकवला जाईल. खटला होता मोटार अपघाताचा. तोंडाला वास होता, चाल डळमळीत होती, बोलणं असंबद्ध होतं, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारल्या होत्या. रक्त-लघवीच्या तपासणीशिवाय एवढ्यावरून माणूस प्यायलेला होता असं ठामपणे म्हणता येत नाही, असं न्यायालय म्हणालं. खात्याच्या चौकशीत पुराव्याची पट्टी फौजदारी खटल्याइतकी कडक नसते हे खरं, पण कामगाराचा वकील तो निकाल पुढे ठेवणारच, आणि ठेवावाच.

त्या अवस्थेत त्याच्याकडून कशावरही सही घ्यायची नाही. राजीनामा नाही, माफीनामा नाही, कबुलीजबाब तर मुळीच नाही. नशेत घेतलेली सही कोर्टात टिकत नाही हा एक भाग झाला. मला जास्त खटकतं ते हे की ती सही घेणाऱ्यालाही ठाऊक असतं, समोरच्याला काही कळत नाहीये. चुकीचं ते चुकीचंच. आणि त्याला त्याच्या बाइकवर घरी पाठवू नकोस. रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांचा दंड किंवा दोन्ही, हे एक झालंच. पण कल्याण-शीळ रस्त्यावर तो कोणाच्या चाकाखाली गेला तर गेटमधून त्याला बाहेर काढणारा हात तुझा असेल. घरी फोन कर, कोणीतरी येईपर्यंत बसवून ठेव.

आता मूळ गोष्ट. या प्रकरणात दोन कागद असतात. एक गैरवर्तनाचा, दुसरा आजाराचा. गैरवर्तनाचा कागद प्रत्येक कंपनीत तयारच असतो. १९४६ च्या स्टँडिंग ऑर्डर्स कायद्यापासून आदर्श नियमावलीत ‘कामाच्या आवारात दारू पिऊन असणे’ आणि ‘वारंवार विनापरवानगी गैरहजेरी’ ही दोन्ही कलमं ठरलेली आहेत. नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, स्टँडिंग ऑर्डर्सची सक्ती आता ३०० कामगारांपासून, पण दारूचं कलम कुठे जाणार नाही. चार्जशीट छापील असते, नाव आणि तारीख भरली की झालं. आजाराचा कागद मात्र कोणीतरी उठून, धीर करून, डॉक्टरकडे जाऊन तयार करावा लागतो. माझ्या सगळ्या नोकरीचं सार एवढंच, की आजाराचा कागद गैरवर्तनाच्या कागदाआधी जन्माला आला तर माणूस वाचतो. नंतर आला तर तोच कागद बचावासाठी आणलेली सबब ठरतो, अगदी खरा असला तरी.

कायदा काय म्हणतो ते नीट समजून घे, कारण दोन्ही बाजूंचे लोक तुला अर्धंच सांगतील. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ हा मे २०१८ पासून अमलात आला. त्यात कलम २ मधल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था स्पष्ट शब्दांत घातल्या आहेत. म्हणजे दारूचं व्यसन हा आपल्या देशाच्या कायद्याने मान्य केलेला आजार आहे. उपचार मागण्याचा हक्क त्याला लागू, गुप्ततेचा हक्क लागू, इतर आजाऱ्यांसारखीच वागणूक मिळण्याचा हक्क लागू. पण दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६, ज्याच्यावर नोकरीतला भेदभाव अडवायची भिस्त आहे, त्याच्या अनुसूचीतल्या २१ दिव्यांगत्वांत दारूच्या व्यसनाचं नाव नाही. तिथे मानसिक आजाराची व्याख्या वेगळी आहे: विचार, मनःस्थिती, आकलन, भान किंवा स्मरणशक्ती यांतला असा मोठा बिघाड की ज्याने निर्णयशक्ती, वागणूक, वास्तवाचं भान किंवा रोजचं जगणं पार ढासळतं. अनेक वर्षं पिऊन स्मृती गेलेला, किंवा दारूच्या आड खोल नैराश्य असलेला माणूस या व्याख्येत बसू शकतो. संध्याकाळी क्वार्टर मारणारा बसणार नाही, आणि बसूही नये.

दुसरी मेख अशी की दिव्यांग कायद्याचं कलम २०, नोकरीत भेदभाव नको आणि नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून काढून टाकू नका किंवा पदावनती करू नका असं सांगणारं, ते सरकारी आस्थापनांना बांधतं. टीएमटीचा कंडक्टर, एसटीचा ड्रायव्हर, महापालिकेच्या दवाखान्यातला वॉर्डबॉय यांच्या हातात ते आहे. तुझ्या खासगी कंपनीतल्या फिटरच्या हातात ते तसं नाही. त्याच्यासाठी आहे कलम ३ मधला भेदभावबंदीचा सर्वसाधारण नियम आणि कलम २१ खालचं समान संधी धोरण, जे प्रत्येक आस्थापनेने करायचं असतं. तुझ्या कंपनीने ते केलं आहे का, कपाटातून काढून बघ.

डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रवींद्रकुमार धारीवाल यांच्या खटल्यात दिलेला निकाल तुझ्यासारख्या प्रत्येकाने वाचायला हवा. ते सीआरपीएफचे अधिकारी होते, त्यांना ओसीडी आणि त्यातून आलेलं नैराश्य होतं, आणि वागणुकीवरून त्यांच्यावर एकामागून एक खातेचौकशा लागल्या होत्या. न्यायालय म्हणालं की मानसिक दिव्यांगत्व असलेल्या माणसाला इतरांसारखं नियमात बसून वागणं मुळातच जड जातं. तेव्हा त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई सुरू करणं हाच अप्रत्यक्ष भेदभावाचा एक प्रकार ठरतो. पहिल्या चौकशीची कारवाई रद्द झाली. सध्याच्या कामाला ते योग्य ठरले नाहीत तर वेगळं काम द्यावं, त्यात पगार राखावा, हवं तर शस्त्र हाताळावं लागणार नाही असं पद द्यावं, असं सांगितलं. हा निकाल दारूवरचा नाही. पण ‘वागणूक’ आणि ‘आजार’ यांच्यामध्ये जी भिंत चौकशी अधिकारी सोयीने उभी करतात, तिला त्याने पहिलं मोठं भगदाड पाडलं.

त्याच न्यायालयाची दुसरी बाजूही पाहा. ब्रिजेशचंद्र द्विवेदी हे उत्तर प्रदेशातल्या सशस्त्र पोलिस दलाचे ड्रायव्हर. २००० साली कुंभमेळ्याच्या बंदोबस्ताला जवान घेऊन जाणारा ट्रक त्यांनी दारूच्या अमलाखाली चालवला आणि जीपला धडक दिली. जानेवारी २०२२ च्या निकालात न्यायालय स्पष्ट म्हणालं, नशिबाने कोणी मेलं नाही म्हणून दया दाखवता येणार नाही. तरीही २५ वर्षांची सेवा आणि बाकीची परिस्थिती पाहून बडतर्फीऐवजी सक्तीची निवृत्ती केली, म्हणजे पैसे घरच्यांना मिळाले. तोवर द्विवेदी स्वतः वारले होते. त्या निकालात चर्चा झाली ती शिक्षेच्या मापाची. अपघात होईपर्यंतच्या वर्षांत त्यांना उपचाराकडे कोणी पाठवलं होतं का, हा प्रश्न मला मात्र छळतो.

कॅनडातला एक खटला या सगळ्यावर लख्ख उजेड टाकतो. एल्क व्हॅली नावाच्या कोळसा कंपनीचा नियम होता: व्यसन असेल तर अपघात होण्याआधी स्वतःहून सांगा, कंपनी उपचार देईल, नोकरी राहील. न सांगता अपघात झाला आणि तपासणीत नशा सापडली तर नोकरी गेली. लोडर चालवणाऱ्या एका कामगाराचा अपघात झाला, चाचणीत कोकेन सापडलं, तेव्हा तो म्हणाला की मला बहुधा व्यसन आहे. त्याला काढलं. तिथे व्यसन हे दिव्यांगत्व मानतात, तरीही २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने कौल दिला, कारण त्याला काढलं ते व्यसनासाठी नाही, नियम मोडल्यासाठी. अमेरिकेतही दारूचं व्यसन दिव्यांगत्वात धरता येतं, पण कामाची पट्टी सगळ्यांना एकच. ब्रिटनने तर २०१० च्या नियमांत दारूचं व्यसन दिव्यांगत्वातून वगळूनच टाकलं; त्यातून आलेला यकृताचा आजार किंवा नैराश्य तेवढं धरतात. ब्रिटनचं हे मला पटत नाही. यकृत सडेपर्यंत थांबा, मग माणूस मानू, असा त्याचा अर्थ होतो. पण तिन्ही देशांतून आपल्या कामाचा धडा एकच निघतो: अपघाताआधी सांगितलं पाहिजे. आणि माणूस आधी सांगेल कधी, तर सांगितल्यावर आपलं काही वाईट होणार नाही याची त्याला खात्री असेल तेव्हा. ती खात्री देणं हे तुझं काम. कंपनीकडून असा लेखी नियम करून घेता आला तर पहिल्या वर्षात तेवढं एकच काम कर, बाकी काही नाही केलंस तरी चालेल.

नियम होईपर्यंत डोळे उघडे ठेव. हजेरीपत्रक वाचायला शीक. सोमवारची दांडी, पगाराच्या दुसऱ्या दिवशीची दांडी, सकाळच्या पाळीला उशीर आणि सेकंड पाळीला मागून घेतलेली बदली. सोसायटीचं कर्ज फिटायच्या आत दुसऱ्या कर्जाचा अर्ज. पीएफमधून उचल, कारण ‘घरातलं आजारपण’. डबा न खाता परत नेणं. सकाळी चहाचा कप दोन्ही हातांनी धरणं, आणि दहा वाजता कुठूनतरी येऊन एकदम स्थिर झालेले हात. हे शेवटचं दिसलं की समज, याला आता मजेसाठी लागत नाही, थरथर थांबवायला लागते.

आणि श्रावणाने फसू नकोस. ‘मॅडम, मी श्रावण पाळतो, महिनाभर थेंब नाही, मग मी व्यसनी कसा?’ हे तू दरवर्षी ऐकशील. आमच्या ठाण्याच्या टेंभी नाक्यावर नवरात्रात देवी बसते, तिच्यासमोर नऊ दिवस चप्पल न घालणारे, न पिणारे पुरुष मी खूप पाहिले. त्यांची श्रद्धा खोटी नसते. पण गटारीला पोटभर घेऊन श्रावण सुरू करणारा आणि श्रावण संपायची तारीख तोंडपाठ असलेला माणूस दारूपासून सुटलेला नसतो. उलट त्या महिन्याचा उपयोग करून घे. गणपती येतील त्या आठवड्यात त्याच्याशी बोल, ‘महिनाभर जमलं ना, पुढचं एकट्याने नको काढायला, डॉक्टर गाठू’ असं म्हण. तो त्या वेळी शुद्धीत असतो, स्वतःवर खूशही असतो.

पण एक धोका आहे आणि तो तुझ्या लोकांपैकी फार थोड्यांना माहीत असतो. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तर जीव जाऊ शकतो. शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत हात कापतात, घाम येतो, ओकाऱ्या होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत काहींना भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसं दिसतात, ताप चढतो. घरचे म्हणतात बाहेरची बाधा झाली आणि अंगारा लावतात. ही इस्पितळात न्यायची वेळ असते, अंगाऱ्याची नाही. म्हणून कोणालाही ‘उद्यापासून बंद कर, नाहीतर घरी बस’ असा दम देऊ नकोस. डॉक्टर औषधाखाली सोडवतात, आधी बी-वन जीवनसत्त्व भरून काढतात. आणि अँटाब्यूजची गोळी नवऱ्याच्या भाजीत गुपचूप घालायचा सल्ला बायकांमध्ये फिरतो, तो ऐकलास की तिथल्या तिथे थांबव. ती गोळी पोटात असताना दारू गेली तर रक्तदाब कोसळू शकतो. माहीत असलेल्या माणसाने, स्वतःच्या मर्जीने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायची गोळी आहे ती.

बोलायचं कसं, हे विचारशील. दार लावून, त्याच्या खात्यातला कोणी नसताना, आणि त्याने घेतलेली नसताना. ‘दारू’ या शब्दाने सुरुवात करू नकोस, हजेरीपत्रकाने कर. तारखा समोर ठेव. ‘हे असं चाललंय, तुमची नोकरी मला वाचवायची आहे, काय करायचं?’ अहो-जाहोच कर, तो वयाने लहान असला तरी. बेवडा हा शब्द ऑफिसात कोणाच्याही तोंडून निघाला तर तिथेच टोक. तो नाकारेल, रागावेल, पोराबाळांची शपथ घेईल. घेऊ दे. पुढच्या आठवड्यात परत बोलव.

कुठे पाठवायचं याची माहिती तयार ठेव. आपल्या महाराष्ट्राचं नशीब की इथे या कामाला मोठ्या मनाच्या माणसांनी पाया घातला. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांच्या मदतीने २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू केलं. तिथे राहून घ्यायचा उपचार साधारण पाच आठवड्यांचा असतो. वांद्र्याला फादर जो परेरांनी १९८१ मध्ये कृपा फाउंडेशन सुरू केलं. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था १९९० पासून आहे, आणि सरकारी म्हणशील तर १९०१ सालापासूनचं आपलं प्रादेशिक मनोरुग्णालय. ‘वेड्यांचं हॉस्पिटल’ म्हणून लोक तिथे जायला बिचकतात. पहिल्या खेपेला सोबत कोणीतरी गेलं तर हा प्रश्न सुटतो. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या मराठी सभा संध्याकाळी कुठे चर्चच्या, कुठे शाळेच्या वर्गात भरतात, फी नसते, नाव विचारत नाहीत. आणि गाडीतून माणूस उचलून नेणाऱ्या, ‘गॅरंटी’ देणाऱ्या केंद्रांपासून लांब राहा. मानसिक आरोग्यसेवा कायद्याखाली नोंदणी आहे का, हे दारातच विचार. बंद खोल्या आणि मारहाण हा उपचार नाही.

पाच आठवडे बसवायचे कसे, हेही तुलाच काढावं लागेल. हक्काची साठलेली रजा किती आहे पाहा. ईएसआयमध्ये असेल तर आजारपणाचा लाभ वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, पगाराच्या ७० टक्के मिळतो, डॉक्टरांचं प्रमाणपत्र हवं. इथेच घरचे हमखास एक गोष्ट करतात: ओळखीच्या डॉक्टरकडून ‘व्हायरल फीवर’ किंवा ‘कावीळ’ असं लिहून आणतात. लाज वाटते, समजतं मला. पण त्या खोट्या तापाने पुढे घात होतो. उद्या नोकरीवर आलं तर उपचार घेतल्याचा एकही खरा पुरावा हातात नसतो, आणि कंपनीला खोटं प्रमाणपत्र दिल्याचा नवा आरोप मात्र मिळतो. डिस्चार्ज कार्डावर खरं निदान हवं. डॉक्टर तिथे ‘एडीएस’ किंवा एफ १०.२ असं लिहितात, म्हणजे दारूचं व्यसन. सोबत नैराश्य, स्मृतिदोष, यकृताचा विकार असेल तर तेही लिहून घ्यायला सांग, कारण दिव्यांग कायद्याचं दार उघडलंच तर त्या ओळींनी उघडेल. तो कागद तुझ्याकडे आला की बंद लिफाफ्यात, वेगळ्या कपाटात ठेव, पर्सनल फाइलला टाचू नकोस. मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २३ खाली गुप्ततेचा हक्क त्याचा आहे. सुपरवायझरला एवढंच सांग: वैद्यकीय रजेवर आहे. आणि मेडिक्लेमवर विसंबू नकोस. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्या असं त्याच कायद्याचं कलम २१ सांगतं, तरी बहुतेक पॉलिसींत व्यसनाच्या उपचाराचा खर्च वगळलेला असतो. ही विसंगती मला संतापजनक वाटते, पण बिल भरायची वेळ आली तेव्हा कळण्यापेक्षा आधी कळलेली बरी.

परत आल्यावर त्याला सहा महिने तरी क्रेन, फोर्कलिफ्ट, बॉयलर, प्रेस यांपासून दूर ठेव. यात दया-माया नाही, बाजूला उभ्या असलेल्या हेल्परच्या हाताचा प्रश्न आहे. पगार कमी करू नकोस, काम बदल. रात्रपाळी देऊ नकोस. सभेला जायला संध्याकाळ मोकळी ठेव. तो घसरेल, बरेच जण एकदा तरी घसरतात. त्या सभांत त्याला ‘स्लिप’ म्हणतात. पहिल्या स्लिपला परत उपचार, आणि या वेळी लेखी समज: कुठे उपचार, कधीपर्यंत, पुढे काय. त्यावर त्याची सही, शुद्धीत, घरच्या माणसासमोर. तीनदा उपचार देऊनही जो मशीनवर पिऊन उभा राहतो त्याची चौकशी तुला करावीच लागेल, आणि ती नीट कर: आरोपपत्र, वेळ, सोबतीला प्रतिनिधी, निलंबन केलंस तर निर्वाह भत्ता पहिल्या दिवसापासून. आजाराचा कागद तेव्हा चौकशी अधिकाऱ्यासमोर तू स्वतः ठेव. तो लपवणं ही सगळ्यात मोठी बेइमानी.

आणि समजा तुझ्या वरच्यांनी तुझं ऐकलं नाही, माणसाला एका चुकीसाठी, जुनी सेवा न बघता, घाईघाईने काढलं. तर नोकरीला धक्का न लावता एवढं तू त्याला नक्की सांगू शकतेस की महाराष्ट्रात १९७१ चा एमआरटीयू-पीयूएलपी कायदा आहे. गैरवर्तनाचं स्वरूप आणि आधीची सेवा न पाहता किरकोळ गोष्टीला धक्कादायक शिक्षा देणं, नैसर्गिक न्याय धाब्यावर बसवून चौकशी उरकणं, याला त्यात अनुचित कामगार प्रथा म्हटलंय. तक्रार ९० दिवसांत करायची. हे ९० दिवस दारूतच निघून जातात, म्हणून बायकोला किंवा भावाला तारीख लिहून दे. वकिलाला पैसे नसतील तर ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, टेंभी नाक्यावरून चालत जाता येतं. १९८७ च्या कायद्याने औद्योगिक कामगाराला, दिव्यांगाला आणि कोणत्याही स्त्रीला तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. ही गोष्ट आपल्या पट्ट्यातल्या कामगारांना कोणीच सांगत नाही.

तीन नंबर छापून घे, मोठ्या अक्षरांत, मराठीत आणि हिंदीत: व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, टेलिमानस १४४१६, विधी सेवा १५१००. नोटीस बोर्डावर लावू नकोस, तिथे उभं राहून नंबर उतरवताना चारजण बघतात. स्वच्छतागृहाच्या दाराला आतल्या बाजूने लाव. बायकांच्या स्वच्छतागृहातही लाव. पॅकिंगमधल्या कितीतरी जणींना तो नंबर घरच्या माणसासाठी हवा असतो, आणि एखादीला स्वतःसाठी.